फायर आणि पोलिसांच्या लोकांना ड्रोन पायलट परीक्षेला पाठवायचंय? कोर्सच्या आधी हे करून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राचे स्टेशन ऑफिसर विचारतायत की आमचे आठ फायरमन आणि शेजारच्या ठाण्याचे चार पोलीस अंमलदार मिळून बारा जण डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीचं केंद्रीय नियामक कार्यालय) मान्य ट्रेनिंग संस्थेत ड्रोन पायलटच्या सर्टिफिकेटसाठी पाठवायचेत, कोर्स पाच दिवसांचा, हातात दोनेक महिने, निम्म्यांना इंग्रजी जड जातं, दोघं पन्नाशी ओलांडलेले, आणि मुख्याधिकारी म्हणतात एकही नापास झाला तर पैसे वाया. मग आम्ही आधी काय करून घ्यावं?

मी अशाच एका संस्थेत शिकवतो, आणि युनिफॉर्मवाल्यांच्या बॅचेस माझ्याकडेच जास्त येतात, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, परीक्षा अवघड नाहीये. अवघड आहे ते पाच दिवसांत सगळं पहिल्यांदाच ऐकणं. आधी वर्ग, मग सिम्युलेटर, मग मैदान असा साधारण क्रम असतो आणि वर्गातल्या पहिल्याच दिवशी नियम, हवामान, रेडिओ, बॅटरी, एरोडायनॅमिक्स असं सगळं अंगावर येतं. कॉलेजचा पोरगा ते घोकून टाकतो. रात्रपाळी करून आलेला फायरमन दुपारी दोन वाजता डुलक्या घेतो, त्यात त्याची चूक काहीच नाही. त्यामुळे पाच दिवसांचा कोर्स ही उजळणी वाटली पाहिजे इतकं आधी झालेलं असावं, बास, एवढंच ध्येय ठेवा.

सुरुवात पुस्तकाच्या पहिल्या पानापासून करू नका. सुरुवात या प्रश्नापासून करा की "आपण सरकारी माणसं, आपल्याला हे सर्टिफिकेट कशाला?" कारण हा प्रश्न बाराही जणांच्या मनात असतो, विचारत कोणी नाही. उत्तर सरळ आहे. ड्रोन नियम २०२१, म्हणजे २५ ऑगस्ट २०२१ ला अधिसूचित झालेले, त्यातून सूट आहे ती भूदल, नौदल आणि हवाई दलाला. पोलीस, फायर, आपत्ती व्यवस्थापन यांचं नाव त्या सवलतीत नाही. खाकी घातली म्हणजे आकाश आपलं असं होत नाही. हां, नॅनो म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला सर्टिफिकेट लागत नाही, आणि २ किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन व्यावसायिक कामासाठी नसेल तर त्यालाही लागत नाही, ही सवलत २०२१ च्या मूळ नियमांपासूनच आहे. त्यावर बोट ठेवून काही ऑफिसं म्हणतात मग खर्च कशाला करायचा. माझं मत विचाराल तर गर्दीवर किंवा जळत्या इमारतीवर ड्रोन नेणारा माणूस बिनशिक्षणाचा नको, मशीन दीड किलोचं असो की पाच किलोचं, आणि उद्या काही पडलं तर चौकशीत पहिला प्रश्न हाच येणार की उडवणारा कोण होता आणि तो शिकलेला होता का.

ही वर्गवारी एकदा पाठ करून घ्या, परीक्षेत हमखास असते: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल, २५ ते १५० मीडियम, त्याच्या वर लार्ज. आणि वजन म्हणजे सगळं धरून, पेलोडसकट, म्हणजे वर लावलेल्या सामानासकट. फायरवाल्यांना हे पटकन कळतं कारण थर्मल कॅमेरा, स्पीकर, लाइट लावला की मशीन वरच्या वर्गात सरकू शकतं. सर्टिफिकेटही ज्या वर्गाचं आणि प्रकाराचं घेतलंय तेवढंच. स्मॉल रोटरक्राफ्टचं, म्हणजे फिरत्या पात्यांच्या ड्रोनचं, घेतलं म्हणून पंखांचं विमान उडवता येत नाही. तुम्ही पुढे जाऊन कोणतं मशीन घेणार आहात हे आधी ठरवा आणि त्याप्रमाणे कोर्स निवडा, उलट करू नका. उलट केलेली ऑफिसं मी पाहिलीयेत, कोर्स एका वर्गाचा, टेंडर दुसऱ्या वर्गाचं.

आता अभ्यासाचं साहित्य. इथे सगळ्यात मोठा घोळ होतो. पोरं यूट्यूबवर "ड्रोन पायलट एक्झाम" टाकतात आणि जे वर येतं ते बहुतेक अमेरिकेच्या पार्ट १०७ चं, म्हणजे तिकडच्या ड्रोन नियमांचं असतं. चांगलं असतं, छान समजावलेलं असतं, पण देश वेगळा. तिकडे वयाची अट १६ वर्षं, आपल्याकडे १८ ते ६५. तिकडची वजनाची हद्द ५५ पाउंड, आपली वर्गवारी वर दिलीच. तिकडे अपघात कळवायला १० दिवस, आपल्याकडे ४८ तास. त्यांची दृश्यमानता मैलात, आपली मीटरमध्ये. त्यांचा हवेचा दाब इंचात, आपला हेक्टोपास्कलमध्ये. तिकडे ६० प्रश्नांचा केंद्रीय पेपर असतो, प्रत्यक्ष उडवण्याची परीक्षाच नसते, आपल्याकडे ट्रेनिंग संस्थेतच लेखी आणि उड्डाण दोन्ही. आणि गंमत म्हणजे ४०० फुटांचा आकडा दोन्हीकडे सारखा, म्हणून पोरांना वाटतं बाकीचंही सारखंच असेल. माझ्याकडे एका बॅचमध्ये लीडिंग फायरमननी एअरस्पेसच्या प्रश्नाला हिरवा-पिवळा-लाल सोडून "क्लास जी" असं तिकडच्या अभ्यासातलं उत्तर ठोकून दिलं, कुठून वाचलं तर व्हिडिओ. तिकडे राहणारे मराठी लोक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी ते व्हिडिओ बरोबरच आहेत. तुमच्या बारा जणांना मात्र हवामान आणि एरोडायनॅमिक्स सोडून त्यातलं काही दाखवू नका.

नियमांसाठी मूळ अधिसूचनाच घ्या, ती काही फार मोठी नाही, हिंदीतही उपलब्ध आहे, आणि नंतरच्या दुरुस्त्या जोडून घ्या. दोघा-दोघांना चार-चार नियम वाटून द्या आणि रोज हजेरीनंतर दहा मिनिटं एका जोडीने बाकीच्यांना मराठीत समजावून सांगायचं. पोलिसांना कलमं वाचायची सवय असते, त्यांना पुढे करा. तात्पुरत्या रेड झोनचा, म्हणजे ड्रोनबंदीच्या भागाचा, नियम तर ते हसत हसत लक्षात ठेवतात, कारण तो त्यांच्याच साहेबांचा आहे: पोलीस अधीक्षक दर्जाच्या खाली नसलेला अधिकारी एखादा भाग तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतो, जास्तीत जास्त ९६ तास. परीक्षेत दर्जाही विचारतात, तासही. तसंच अपघाताचं. पोलिसांची सवय अशी की स्टेशन डायरीला नोंद घातली की विषय संपला. इथे संपत नाही, रिमोट पायलटने ४८ तासांत डिजिटल स्काय या सरकारी ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून डीजीसीएला कळवायचं असतं, डायरी वेगळी आणि हे वेगळं. नियम मोडला तर दंड १ लाखापर्यंत. थर्ड पार्टी इन्शुरन्स नॅनो सोडून सगळ्यांना. ड्रोनवर युआयएन हवा, म्हणजे गाडीचा नंबर समजा.

(युआयएनवरून आठवलं, तुमच्या केंद्रात कपाटात एखादा जुना, कोणीतरी भेट दिलेला परदेशी ड्रोन पडलाय का? बऱ्याच ठिकाणी असतो. त्यावर सराव करूया असा मोह होतो. आधी त्याचा नंबर, कागद बघा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, काही अपवाद सोडून, त्यामुळे "नवीन मागवू तसाच" हेही विसरा. कागद नसेल तर त्याला कपाटातच राहू दे.)

आता नकाशा. यावर मात्र वेळ घालवा, अर्धा अभ्यास इथेच आहे. २४ सप्टेंबर २०२१ ला केंद्राने ड्रोनसाठी एअरस्पेसचा नकाशा आणला, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पिवळ्यात तिथल्या हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा, त्याच्या वर पिवळा. हे वाचून पाठ होत नाही. नकाशा मोठ्या स्क्रीनवर उघडा आणि तुमच्या हद्दीतल्या खऱ्या जागा टाका: मागच्या वर्षी जिथे गोदाम जळलं तो पत्ता, दरवर्षी पूर येतो ती वस्ती, गणपती विसर्जनाचा घाट, जत्रेचं मैदान. प्रत्येकाने सांगायचं, इथे आत्ता वर्दी आली तर रंग कोणता, किती फूट, परवानगी कोणाची. एका दुपारीत जे डोक्यात बसतं ते शंभर एमसीक्यू सोडवून बसत नाही.

नाशिकचे लोक येतात तेव्हा हा तास सगळ्यात रंगतो. सिंहस्थ डोक्यावर आलाय, रामकुंडावर ड्रोन हवा असं सगळ्यांना वाटतं, आणि नकाशा उघडला की ओझरचा विमानतळ, देवळालीचं तोफखान्याचं क्षेत्र, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचा तळ असं सगळं एकाच शहराभोवती. पुण्यात लोहगाव हवाई दलाचं, त्यामुळे तिथली परवानगी म्हणजे नागरी विमानतळाशी बोलणं नव्हे. मुंबईचं तर विचारूच नका, सांताक्रूझ, जुहू, नौदल, बीएआरसी. मोठ्या कार्यक्रमाची परवानगी आदल्या रात्री फोन करून मिळत नाही, ती आठवडे आधी कागदावर आणायची असते, आणि आणीबाणीसाठी कोणाला, कोणत्या नंबरवर, काय शब्दांत कळवायचं हे नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावलेलं हवं. नकाशा बदलतो, म्हणून कालचा स्क्रीनशॉट चालत नाही, दर उड्डाणाआधी नवीन बघायचा. हाही प्रश्न येतो बरं का.

उंचीचं गणित हा नकाशाचाच भाऊ. ४०० फूट म्हणजे १२० मीटर, आणि ते खालच्या जमिनीपासून, समुद्रसपाटीपासून नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून ड्रोन पुण्यात बेकायदेशीर ठरत नाही, हसू नका, असं उत्तर लिहिणारे असतात. खरी गोम वेगळी आहे. रिमोटच्या स्क्रीनवर दिसणारी उंची ही टेकऑफच्या जागेपासूनची असते. लोणावळ्याच्या टायगर पॉइंटला कठड्यावरून ड्रोन उडवला, स्क्रीनवर ३० मीटर, आणि पुढे दरीवर नेला की खालची जमीन कुठल्या कुठे गेलेली, स्क्रीनवर मात्र तेच ३०. उलट बाजूने बघा, पायथ्यापासून उडवला आणि समोर कडा, रिटर्न-टू-होमची, म्हणजे आपोआप परत येण्याची, उंची ५० मीटर ठेवलीये, सिग्नल गेला की मशीन इमानदारीने ५० मीटरवर चढतं आणि घरी येताना कड्यावर आपटतं. दरीत पडलेल्या ट्रेकरला शोधणारे, फायरवाले असोत की गिर्यारोहकांची टीम, यांना हे पहिल्या दिवशी सांगा. सांदण दरीसारख्या अरुंद जागेत तर वरचं आकाशच चिंचोळं दिसतं, सॅटेलाइट कमी मिळतात, जीपीएस सुटतं. मग मशीन आपल्या हातावर येतं आणि तिथे सिम्युलेटरचा सराव कामाला येतो.

हवामानात लोक घाबरतात ते मेटारला, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालाला. ते एका ओळीत कोंबलेले सांकेतिक आकडे बघून पन्नाशीचे हवालदार चष्मा काढून ठेवतात. तोडून शिकवा. पहिली चार अक्षरं विमानतळाची, मुंबई म्हणजे व्ही-ए-बी-बी, पुणे व्ही-ए-पी-ओ. मग तारीख आणि वेळ, शेवटी झेड. हा झेड म्हणजे जागतिक वेळ, आपल्या घड्याळाला साडेपाच तास मिळवायचे, ०५३० झेड म्हणजे सकाळचे साडेपाच नव्हे तर ११ वाजलेत. यात निम्मी बॅच चुकते. मग वारा, २५०१२ असेल तर २५० अंशाकडून १२ नॉट. वारा कुठून येतो ते लिहितात, कुठे जातो ते नाही. नॉटला १.८५ ने गुणा की किलोमीटर ताशी, म्हणजे साधारण २२. मग दृश्यमानता मीटरमध्ये, मग ढग शेकडो फुटांत, ०१० म्हणजे १००० फूट. शेवटी तापमान आणि दवबिंदू, हे दोन आकडे जवळ आले, २४ आणि २४ म्हणा, की धुकं किंवा खाली उतरलेले ढग धरून चाला. मी सांगतो रोज सकाळी ड्युटीवर आलेल्या पहिल्या माणसाने जवळच्या विमानतळाचा मेटार फळ्यावर लिहायचा आणि मराठीत वाचायचा, दोन आठवड्यांत भीती जाते.

आणि हवामान का शिकायचं हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. जुलै २०२१ चं तळीये, जुलै २०२३ चं इर्शाळवाडी, दोन्ही रायगडात, दोन्ही भर पावसात. इर्शाळवाडीला खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरसुद्धा वापरता आली नव्हती. दरड कोसळते तेव्हाचं हवामान हे ड्रोनच्या विरोधातलंच असतं. पाऊस, धुकं, घाटात वर-खाली फिरणारा वारा, ओली बॅटरी. म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच "आत्ता नाही उडवता येत" हे सांगायची पाळी येते.

आता मी जरा थांबतो इथे, कारण युनिफॉर्मवाल्यांना शिकवताना माझ्या मते खरा विषय हाच आहे. सिव्हिलियन पायलटला क्लायंट म्हणतो उडव, तो म्हणतो वारा जास्त आहे, क्लायंट चिडतो, संपलं. इथे साहेब उभे असतात. बंदोबस्तात डीवायएसपी म्हणतात "अरे वर घाल ना, गर्दी दिसत नाहीये", आणि घालणारा असतो कॉन्स्टेबल. आयुष्यभर "हो सर" म्हणायला शिकलेला माणूस. परीक्षेत याला निर्णयक्षमता, क्रू समन्वय, धोक्याचं मूल्यमापन असल्या नावाने चार प्रश्न येतात आणि प्रत्येकाच्या पर्यायांत "वरिष्ठांच्या आदेशानुसार उड्डाण करावे" या अर्थाचा एक सापळा असतो, आणि पोलीस-फायरवाले हमखास त्याच्यावर टिक करतात! चुकीचं उत्तर आहे. उड्डाणाची जबाबदारी रिमोटवर बोट असलेल्या माणसाची, पद कोणतंही असो. म्हणून तयारीत फक्त बारा परीक्षार्थींना बसवू नका, त्यांच्यावर हुकूम सोडणाऱ्या दोन-तीन अधिकाऱ्यांनाही एका तासाला बोलवा आणि त्यांच्यासमोर ठरवा की वारा अमुक, पाऊस, बॅटरी अमुक टक्के, परवानगी नाही, यातलं एक जरी असेल तरी पायलट "नाही" म्हणेल आणि त्याला कोणी जाब विचारणार नाही. लेखी काढा, सही घ्या. आकडे तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने नको. मग मॉक ड्रिलमध्ये मुद्दाम साहेबांना ओरडायला लावा, बघा किती जण टिकतात. पहिल्या फेरीत फारसे टिकत नाहीत. तिसऱ्या-चौथ्याला जमायला लागतं.

तसंच जोडीचं. एक पायलट, एक निरीक्षक, कमीत कमी. पायलट स्क्रीनमध्ये घुसला की त्याला आजूबाजूचं भान राहत नाही, आग बघायला तर माणूस चिकटतोच. निरीक्षकाची नजर ड्रोनवर आणि आकाशावर, हेलिकॉप्टर आलं की ड्रोन खाली, मानवी विमानाला वाट द्यायची हा नियम, यात चर्चा नाही. निरीक्षक हा पायलटचा मदतनीस, साहेबांना व्हिडिओ दाखवणारा ऑपरेटर नव्हे. साहेबांसाठी वेगळा स्क्रीन लावा हो, पायलटच्या खांद्यावर पाच डोकी नकोत.

रेडिओचा भाग तुमच्या लोकांना सोपा जाणार. वायरलेसवर बोलायची सवय असते, थोडक्यात बोलणं, परत म्हणून दाखवणं हे अंगात असतं. फक्त अल्फा-ब्राव्हो-चार्ली शेवटपर्यंत पाठ हवं, आणि मेडे (जिवावरचं संकट) कधी, पॅन-पॅन (तातडीचं, पण जिवावरचं नाही) कधी, ट्रान्सपॉन्डरचे, म्हणजे विमानातून रडारला जाणारे, संकेत ७५००, ७६००, ७७०० म्हणजे अनुक्रमे अपहरण, रेडिओ बंद, आणीबाणी, एवढं. गाडीच्या नंबरप्लेट अल्फा-ब्राव्होत वाचायचा खेळ लावा, नाकाबंदीवर उभे असतील तेव्हाही होतं.

एरोडायनॅमिक्सवर जास्त वेळ नको. चार बलं, चार मोटर, तिरक्या समोरासमोरच्या दोन एका दिशेला आणि बाकीच्या दोन उलट दिशेला फिरतात, यॉ-पिच-रोल म्हणजे जागेवर वळणं, पुढे-मागे झुकणं, डावी-उजवीकडे कलणं. उभं खाली सरळ वेगात उतरवलं की मशीन स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत बसतं आणि डगमगतं, म्हणून तिरपं उतरवायचं. झालं.

बॅटरीला मात्र फायरवाले प्रेमाने ऐकतात कारण लिथियमची आग त्यांनी विझवलेली असते. एका सेलचे पूर्ण चार्जला ४.२ व्होल्ट, सरासरी ३.७, ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास. सहा सेलची बॅटरी म्हणजे २२.२ व्होल्ट, पूर्ण भरली की २५.२. १० अँपिअर-अवरची असेल तर २२२ वॉट-अवर. हे असलं गणित पेपरात येतं आणि पाचवीच्या गुणाकाराएवढंच आहे. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, भरलेली बॅटरी उन्हात तापलेल्या बंबाच्या केबिनमध्ये ठेवायची नाही. उडताना शेवटच्या थेंबापर्यंत वापरायची नाही, परतीचा वारा विरुद्ध असेल तर येताना जास्त खाते.

थर्मलबद्दल, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल, दोन शब्द, प्रतिमा वाचणं हाही कोर्सचा भाग असतो आणि सिनेमा बघून लोकांच्या कल्पना भलत्याच असतात. थर्मल कॅमेरा भिंतीपलीकडचा माणूस दाखवत नाही. काचेपलीकडचाही नाही, काच त्याला जवळपास अपारदर्शक. आणि चकचकीत पत्रा फसवतो, भिवंडीकडच्या गोदामांवर असतो तसा, तो स्वतःचं तापमान नीट दाखवत नाही, वरचं थंड आकाश परावर्तित करतो, त्यामुळे खाली धगधगतंय आणि छप्पर स्क्रीनवर गार. हे माहीत नसलेला अधिकारी माणसं छपरावर चढवेल.

सिम्युलेटर आणि मैदान. यूएसबीला जोडायचा रिमोट आणि ऑफिसच्या कंप्युटरवर एक सिम्युलेटर, केंद्रात एक सेट पुरतो. मोबाइलच्या काचेवर बोटं फिरवून सराव होत नाही, खरी स्टिक हवी, आणि संस्थेत कोणता मोड (कोणती स्टिक काय करते ती मांडणी) वापरतात ते विचारून तोच लावा, बहुधा मोड टू असतो. रोज प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं, रविवारी सलग तीन तास नको. क्रम असा ठेवा: एका जागी स्थिर, मग चौकोन, मग गोल, मग आठ. आणि जीपीएस बंद करून. लोक अडकतात ते ड्रोनचं तोंड आपल्याकडे असताना, डावं-उजवं उलटं होतं आणि हात गोंधळतो. त्यावर उपाय एकच, तोंड आपल्याकडे ठेवून स्थिर धरण्याचा सराव कंटाळा येईपर्यंत. तुमचे ते पन्नाशीचे दोघं इथे मागे पडतील असं वाटत असेल तर माझा अनुभव उलट आहे. बंबाचे जुने ड्रायव्हर असतील तर हात हलका असतो, घाई नसते. पडतात ते पंचविशीचे, मोबाइल गेमवाले, स्टिक टोकापर्यंत ढकलणारे. चष्मा मात्र दोन्हीसाठी लागेल, लांबचा ड्रोनसाठी आणि जवळचा स्क्रीनसाठी, बायफोकल असेल तर त्याची सवय मैदानावर आधीच करा.

इंग्रजीचं काय. संस्थेला आत्ताच फोन करून विचारा की शिकवणं आणि पेपर कोणत्या भाषेत आहे, हिंदीत सोय असेल तर ठीक. नसेल तरी भाषांतर करून शिकवू नका. "दृष्टिरेषेतील उड्डाण" असं मराठीत शिकवलं आणि पेपरात व्हीएलओएस आलं की माणूस ओळखतच नाही. शब्द इंग्रजीच ठेवा, अर्थ मराठीत सांगा. शंभर-सव्वाशे शब्दांची वही करा, देवनागरीत उच्चार, समोर अर्थ, आणि इंग्रजी अक्षरांत तो शब्द कसा दिसतो तेही, कारण पेपर वाचायचाय. प्रश्नांतले फसवे शब्दही वेगळे शिकवा, "खालीलपैकी कोणते नाही" या धाटणीचे. ज्यांना उत्तर येतं ते लोक "नॉट" न वाचल्यामुळे मार्क घालवतात.

कागदपत्रं शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, लोक नापास होण्याआधी इथेच अडकतात. दहावी पासचं मार्कशीट लागतं. जुन्या लोकांचं सापडत नाही, बोर्डाकडून दुय्यम प्रत काढायला वेळ जातो. मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरं, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरं. पासपोर्टची सक्ती सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने गेली, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स यावर भागतं, त्यामुळे कोणी पासपोर्ट काढा म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. सर्टिफिकेटची सरकारी फी १०० रुपये आहे, खर्च तो ट्रेनिंगचा. एकदा मिळालं की १० वर्षं चालतं. पण दहा वर्षांत बदल्या होतात, आणि पोलीस ठाण्यातले चारपैकी दोघं दोन वर्षांत दुसऱ्या जिल्ह्यात असतील, हे मुख्याधिकाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा म्हणजे पुढच्या वर्षीही दोन-तीन जागांची तरतूद करतील.

ड्युटीचं एक ऐका. त्या पाच दिवसांत बारा जणांना पूर्ण सुट्टी द्या. दिवसा वर्ग आणि रात्री केंद्रावर ड्युटी असा हिशोब लावलात तर पैसे तिथेच वाया जातील, पेपर अवघड म्हणून नव्हे. बारा एकदम सोडता येत नसतील तर सहा-सहाच्या दोन बॅच करा, आणि पहिल्या बॅचने परत येऊन दुसऱ्या बॅचला प्रश्न कसे होते ते सांगायचं. दोन्ही बॅचमध्ये फायर आणि पोलीस मिसळा, वेगवेगळे पाठवू नका, घटनास्थळी एकत्रच उभं राहायचंय.

परीक्षेत नसलेली पण पोलिसांना लागणारी एक गोष्ट राहिली, फुटेज. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. मेमरी कार्ड कोणी काढलं, कुठे कॉपी केलं, मूळ कुठे ठेवलं याची नोंद पहिल्या दिवसापासून. क्लिप आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि मग पंचनाम्यात, हे बंद करा. सराव उड्डाणातसुद्धा लोकांच्या गच्च्या-खिडक्यांचं शूटिंग नको.

तुम्ही शहराचं नाव लिहिलं नाहीत. जवळचा विमानतळ किंवा लष्करी तळ किती किलोमीटरवर आहे आणि मशीन कोणत्या वर्गाचं घ्यायचं ठरतंय एवढं कळवा, म्हणजे नकाशाच्या तासाला कोणत्या जागा घ्यायच्या आणि वाऱ्या-बॅटरीच्या त्या लेखी यादीत काय काय घालायचं ते नेमकं सांगता येईल.